नणंदेच्या नावानं दिलेलं रक्त

दोन्ही नमुने मी दुसऱ्यांदा तपासले, तरी उत्तर तेच आलं. आई आणि मुलगी म्हणून आलेल्या त्या दोन ट्यूबा आई-मुलीच्या नव्हत्या.

मी मॉलिक्युलर बायॉलॉजिस्ट आहे. पेशीत डीएनए असतो आणि त्यात कधी कधी चुका असतात. त्या शोधणं हे माझं काम. त्यातही स्तनाचा कॅन्सर काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या का उतरतो, ह्या एका प्रश्नावर माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. नातेवाइकांना वाटतं, मी कॅन्सरवर औषध शोधते. मी औषधबिषध काही शोधत नाही. ज्यांना कॅन्सर झाला आहे त्यांचं रक्त घेते आणि ज्यांना झालेला नाही त्यांना तो होऊ शकतो हे सांगते. असली बातमी घेऊन आलेल्या बाईला कुणी दुसऱ्यांदा चहा विचारत नाही.

रिटायरमेंट जवळ आली तेव्हा परभणी जिल्ह्याचा प्रोजेक्ट माझ्या गळ्यात पडला. मी मूळची परभणीची, वडील तिथेच शाळेत मास्तर होते. "मॅडम, तुम्हाला तिकडची भाषा येते," एवढं कारण आमच्या पुण्याच्या संस्थेच्या डायरेक्टरांना पुरलं. काम असं होतं: कमी वयात कॅन्सर झालेल्या बायका शोधायच्या, त्यांच्या डीएनएमध्ये चूक सापडली तर घरातल्या इतरांचीही तपासणी करायची. परभणीत भाड्याच्या दोन खोल्यांत आमचं केंद्र होतं. तिथे मोरे नावाचे फील्ड वर्कर. ते मोटरसायकलवरून गावोगाव जाऊन रक्त घ्यायचे आणि बर्फाच्या डब्यात पुण्याला पाठवायचे.

गयाबाई सोनपेठजवळच्या एका गावातल्या. घरची कोरडवाहू शेती. चाळिशीत एका स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, केमो झाली. पन्नाशीत दुसऱ्या बाजूला झाला. त्यांच्या रक्तात आम्हाला बीआरसीए-वन नावाच्या जीनमध्ये चूक सापडली. हा जीन पेशीतला मिस्त्री समजा. डीएनए कुठे तुटला की तो सांधतो. मिस्त्रीच कामाला नसला की पडझड साचत जाते आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. प्रत्येकीला होतोच असं नाही, पण धोका एवढा असतो की त्या बाईवर नजर ठेवावीच लागते. आईत ही चूक असेल तर ती मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. छापा की काटा, तेवढंच.

गयाबाईंना दोन मुलं. थोरला दत्ता, धाकटी वर्षा. वर्षा कॉलेजात शिकत होती. तिच्या रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात आईचीच चूक होती.

रिपोर्ट बाहेर पाठवण्याआधी आम्ही आणखी एक तपासणी करतो. ट्यूबांची अदलाबदल झालेली नाही ना, हे पाहण्यासाठी. डीएनएवर काही ठराविक जागा असतात. त्या प्रत्येक जागी माणसाकडे दोन खुणा असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. म्हणजे मुलीच्या प्रत्येक जागी आईची एक तरी खूण दिसलीच पाहिजे. इथे चार-पाच जागी आईची एकही खूण नव्हती. बरं, बाई अगदी परकी म्हणावी तर तसंही नव्हतं. बाकीच्या जागी बरंच काही जुळत होतं. शिवाय ती चूक. गयाबाईंची चूक दुर्मीळ होती, आमच्या सगळ्या नमुन्यांत दुसऱ्या कुणात सापडलेली नव्हती. म्हणजे ट्यूबमधली बाई नात्यातलीच होती, पण मुलगी नव्हती.

मी डायरेक्टरांच्या केबिनमध्ये गेले. ते माझ्याहून बरेच लहान आहेत. मी सांगत असताना ते लॅपटॉपवर दुसरंच काहीतरी वाचत होते.

"नमुना रिजेक्ट करा, नवीन मागवा," ते म्हणाले.

"आणि हे रक्त कुणाचं?"

"ते आपल्याला कसं कळणार?"

"सर, ही जी कोणी बाई आहे तिच्यात चूक आहे. आपण ट्यूब फेकली तर तिला कधीच कळणार नाही."

"मॅडम, त्या बाईचं नाव आपल्याकडे नाही, कन्सेंट नाही. एथिक्स कमिटीला काय सांगू?"

ते चुकीचं बोलत नव्हते. ते कधीच चुकीचं बोलत नाहीत आणि मला त्याचाच थकवा येतो. परवानगीशिवाय घेतलेला नमुना बाद करायचा, हा नियम मीच तरुणपणी नव्या मुलांना शिकवत असे. पण नियम करणाऱ्यांनी ट्यूबमध्ये रक्त असतं एवढंच धरलं होतं. ते रक्त सध्या कुणाच्या तरी अंगात फिरत होतं आणि ती बाई त्या वेळी कुठेतरी भाकरी थापत असेल, हे त्यांनी धरलं नव्हतं. नवीन नमुना घ्यायला मी स्वतः जाते, असं सांगून मी उठले. त्याला त्यांनी हरकत घेतली नाही. प्रवासभत्त्याचा अर्ज वेळेवर भरा, एवढंच म्हणाले.

मला एक भीती होती. वर्षा गयाबाईंची पोटची मुलगी नसेल तर? बहिणीची, दिराची मुलगी आपली म्हणून वाढवणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. मुलीला ते माहीत नसतं. डीएनएवाली बाई दारात येऊन ते सांगायला लागली तर एक घर बसल्या जागी मोडायचं. म्हणून निघण्याआधी मी मोरेंना फोन केला.

"मॅडम, मी सोता घेतलंय रक्त," मोरे जरा लागल्यासारखे बोलले. "पोरगी समोर बसली होती. नाव इचारलं, वर्षा म्हणली. लय शांत पोरगी. डोक्यावरचा पदर बी ढळू दिला न्हाई."

मी त्यांना पुन्हा विचारलं, डोक्यावर पदर होता? होता म्हणाले, चांगला कपाळापर्यंत.

कॉलेजात जाणारी, लग्न न झालेली मुलगी स्वतःच्या बापाच्या घरात साडी नेसून कपाळापर्यंत पदर घेऊन बसत नसते. तशी बसते ती त्या घरची सून. एवढं कळायला मला कुठलंही मशीन लागलं नाही. पण मग दुसरा प्रश्न आला. सून तर बाहेरून आलेली. तिच्यात गयाबाईंची चूक कुठून आली?

परभणीहून सोनपेठची एसटी पकडली. बाजाराचा दिवस होता, बस गच्च भरलेली. गुडघा दुखत होता, पण एका म्हातारबुवांनी सरकून जागा दिली आणि मी कुणाची कोण हे पूर्ण विचारून घेतलं. मोरे फाट्यावर मोटरसायकल घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांच्याकडून चूक झाली असं मी म्हणाले नाही, पण ते समजायचं ते समजले होते.

घरात पुढच्या खोलीत कापूस भरलेला होता, त्यामुळे आम्ही मधल्या खोलीत बसलो. गयाबाई खाटेवर होत्या. केमोमुळे केस गेले होते, डोक्याला रुमाल बांधलेला. सुनेनं, रेखानं, पाणी आणून दिलं. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, कडेवर तीनेक वर्षांची मुलगी. मी मोरेंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. वर्षा सोनपेठला गेली होती, लग्नाची खरेदी चालू होती. तिचं लग्न पंधरवड्यावर आलं होतं.

मी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि गयाबाईंजवळ बसले. त्यांनीच आधी विचारलं, "काय आलं, ताई? वर्षाला हाय का?"

"ते रक्त वर्षाचं नव्हतं, गयाबाई."

त्यांनी डोक्याचा रुमाल कपाळावर ओढून घेतला. त्यांना ओशाळवाणं वाटलं असावं असं मला वाटलं, पण तसं नव्हतं. त्या मला कसं समजवावं ह्याचा विचार करत होत्या. मग त्यांनी सरळ सांगितलं. वर्षाचा नवरामुलगा चुडाव्याचा, रेल्वेत नोकरीला. असं स्थळ दोन पिढ्यांत त्यांच्या घरी आलं नव्हतं. घरात आईला हा रोग आहे हे मुलाकडच्यांनी कसंबसं पोटात घातलं होतं. त्यात मुलीच्या नावानं कागद आला असता तर सोयरीक मोडलीच असती. मोरेंना नाही म्हणावं, तर गावात चर्चा, की काहीतरी असेल म्हणून नाही म्हणाले.

"म्हणून सुनंचं दिलं. तिचं चांगलंच येणार म्हणलं. तो कागद घरात ठिवायचा, कुणी इचारलं तर दाखवायचा."

"तिचं चांगलंच येणार, असं का वाटलं?"

"ती माझ्या भावाची लेक हाय, ताई. राणीसावरगावची. माझ्या म्हायेरात कुणालाच असलं काई न्हाई. हे दुखणं ह्या घरात आल्यावर लागलंय मला."

मी भिंतीला टेकून बसले. मामाची मुलगी करून आणणं आमच्याकडे नवीन नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली आत्याच्या घरी नांदायला गेल्या. आणि तरी घराण्याचा तक्ता मांडताना आम्ही सुनेसाठी नुसता एक रिकामा गोल काढतो. बाई बाहेरून आली, तिचा ह्या रक्ताशी संबंध नाही, असं समजून. ती पद्धत जिथून आली तिथे सुना खरंच बाहेरून येत असतील.

मी विचारलं, तुमचे वडील कशानं गेले? म्हातारपणानं, त्या म्हणाल्या. लय जगले, काठी न घेता चालायचे. मला जे हवं होतं ते मिळालं. ही चूक पुरुषातही असते, पण बहुतेकांना ती आयुष्यभर काही करत नाही. ते तिला फक्त पुढे देतात. म्हाताऱ्यानं ती एका लेकीला दिली आणि एका लेकाला दिली. लेकीला कॅन्सर झाला. लेक ठणठणीत, पण त्याच्याकडून ती त्याच्या मुलीत आली. गयाबाईंनी स्वच्छ म्हणून जे रक्त निवडून पुढे केलं होतं, ते त्यांच्याच बापाचं होतं.

एवढं मी त्यांना सांगितलं नाही. सांगण्याचा मला अधिकारच नव्हता. मी म्हणाले, वर्षाचं रक्त अजून तपासलेलंच नाही, तिचं काय ते कुणालाच माहीत नाही.

"मग रेखाचं काय आलं?" त्यांनी विचारलं.

"ते मी रेखालाच सांगेन."

एवढ्या उत्तरातून त्यांना काही कळणार नाही, असं नव्हतं. दोनदा केमो घेतलेली बाई डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहून रिपोर्ट वाचते. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि रुमालाचं टोक तोंडात धरलं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. दोन्ही एकदमच आले आणि अजूनही त्यांची मला वेगळी वेगळी वाटणी करता येत नाही.

रेखा गोठ्याच्या बाजूला धुणं वाळत घालत होती. मी तिला म्हणाले, तुझं रक्त दुसऱ्याच्या नावानं तपासलं गेलं, ते चुकीचं झालं. त्यातून काही कळलं आहे. ते ऐकायचं की नाही हे तू ठरव. नको म्हणालीस तर मी ट्यूब फेकून देईन आणि कुणाला काही सांगणार नाही.

तिनं हातातलं लुगडं नीट पिळलं, दोरीवर टाकलं, टोकं सारखी केली. मग म्हणाली, "नणंदेच्या नावानं घेतलं तवा मला कुणी इचारलं न्हाई. आता तुमी इचारायलाव. सांगा."

मी सांगितलं. हा आजार नव्हे, धोका आहे, हे सांगितलं. दर वर्षी तपासणी, पुढे मुलं झाल्यावर ऑपरेशनचा विचार, सगळं सांगितलं. हे बोलणं मी आयुष्यात किती जणींसमोर केलं असेल. शब्द आपोआप येतात, आणि आपोआप येतात ह्याची मला आताशा लाज वाटते. तिनं मुलीचं विचारलं. लहान मुलांची आम्ही ही तपासणी करत नाही, ती मोठी झाल्यावर तिची ती ठरवेल. दत्ताचं मात्र तपासावं लागेल, कारण तो आणि रेखा दोघंही एकाच म्हाताऱ्याची नातवंडं. दोघांतही चूक असेल तर ती मुलाला दोन्हीकडून येऊ शकते आणि मूल जन्मापासून आजारी असू शकतं, म्हणून पुढचं मूल होण्याआधी बोलावं लागेल.

मग मला राहवलं नाही आणि मी विचारलं, तू नाही का म्हणाली नाहीस?

"सासूला न्हाई म्हणता येतं, मॅडम," ती म्हणाली. "आत्याला कसं म्हणावं? लहानपणी मला कडेवर घेऊन फिरल्याल्या हायत त्या."

संध्याकाळी वर्षा आली. तिला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रक्त घेतलं त्या दिवशी तिला मुद्दाम मैत्रिणीकडे पाठवलं होतं. सगळं ऐकून ती आईवर ओरडली नाही की रडली नाही. मोरेंच्या समोर बसून तिनं बाही वर केली. तिचे वडील म्हणत होते, लग्न होऊ द्या, मग बघू. ती म्हणाली, आताच घ्या. ह्या वेळी मोरेंनी तिचं कॉलेजचं ओळखपत्र मागितलं, फोटो ताडून पाहिला आणि मग सुई काढली. दत्ताचंही रक्त त्याच वेळी घेतलं.

वर्षाचा रिपोर्ट लग्नाआधी आला. तिच्यात चूक नव्हती. दत्तातही नव्हती. लग्न ठरल्या दिवशी चुडाव्यात झालं. मला पत्रिका आली होती, मी गेले नाही.

रेखाची तपासणी मात्र होईना. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात एमआरआय करायचा होता. मी फोन करत राहिले. आधी घरात वर्षाचं लग्न होतं. लग्नानंतर कापूस वेचायचा होता. मग मुलगी तापानं पडली. दत्ता फोनवर म्हणाला, "चांगल्या माणसाला दवाखान्यात कशाला न्यायचं, मॅडम? काई दुखायलंय का तिला?" मी त्याला समजावलं. तो हो म्हणाला. असं हो मी फार ऐकलं आहे.

शेवटी गयाबाईंनी ते केलं. त्यांची स्वतःची केमोची तारीख होती. त्यांना गाडीत बसवत नव्हतं, अन्न पोटात ठरत नव्हतं. आदल्या दिवशी त्यांनी मला मोरेंकडून निरोप दिला, की रेखाला घेऊन येते, तेवढं त्याच दिवशी जमवा. मी जमवलं. आत रेखाचा स्कॅन चालू असताना गयाबाई बाहेर बाकावर बसून होत्या. सलाईन लावायला नर्स दोनदा बोलवायला आली, तर म्हणाल्या, तिचं होऊ द्या आधी. मी शेजारी बसले होते.

रेखाच्या स्कॅनमध्ये काही सापडलं नाही. आमच्या कामात ह्यालाच यश म्हणतात. काही न सापडणं, आणि पुढच्या खेपेला पुन्हा शोधणं. ह्यावर पेपर लिहिता येत नाही.

उन्हाळ्यात गयाबाई गेल्या. मला मोरेंनी कळवलं. मी लॅबमध्ये होते. मशीन चालू करून ठेवलं होतं, ते तसंच सोडून मी बाहेर जिन्यात जाऊन बसले. एवढी वर्षं मी त्या जीनचं दुरुस्तीचं काम कसं बिघडतं हे पाहत होते, लेख लिहीत होते, परिषदांना जात होते. त्यातलं एक अक्षरही त्यांच्या उपयोगाला आलं नाही. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी ते फार लागलं.

राणीसावरगावला मी निरोप पाठवला होता. रेखाच्या वडिलांनी स्वतः रक्त दिलं नाही आणि धाकट्या मुलीचंही देऊ दिलं नाही. बहिणीच्या घरचं दुखणं आमच्या दारात आणू नका, असं त्यांनी मोरेंना सुनावलं. रेखाची ती बहीण, सुनंदा, वीस वर्षांची. तिला स्थळं बघणं चालू होतं. मी यादीत त्या घरापुढे फुली मारली. लोक नको म्हणाले की आम्ही मागे लागत नाही.

दिवाळीनंतर मी परभणीच्या केंद्रात होते. सकाळी दार उघडलं तर पायरीवर रेखा बसलेली. शेजारी तिची बहीण. देवदर्शनाला जाते, ओटी भरायला जाते, असं काही घरी सांगितलं का, मी विचारलं. तसलं काही नाही, रेखा म्हणाली. बहिणीला एसटीत बसवून आणलं, एवढंच.

"बापाला मालूम हाय का?" मोरेंनी विचारलं.

"न्हाई," रेखा म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मॅडम, हिला बघायला आज पाहुणे न्हाईत, उद्या येणारायत. हिचं आजच घ्या. सोयरीक जमल्यावर हिचं रक्त हिचं राहायचं न्हाई."

मी सुनंदाला आत घेतलं, दार लावलं आणि तिला एकटीला विचारलं, तुला स्वतःला हवंय का? ती घाबरलेली होती, पण हो म्हणाली. वीस वर्षांच्या मुलीला कायद्यानं कुणाची परवानगी लागत नाही. तिनं सही केली आणि मी स्वतः रक्त काढलं. बऱ्याच वर्षांनी काढलं, पहिल्यांदा शीर चुकली.

चूक तिच्यातही निघाली. रिपोर्ट मी तिच्याच हातात दिला. वडिलांनी नंतर फोन करून मला जे सुनावायचं ते सुनावलं, मी ऐकून घेतलं. आता दोघी बहिणी एकाच तारखेला तपासणीला येतात.

संस्थेच्या रिपोर्टमध्ये "ह्या कामातून काय शिकलात" असा एक रकाना असतो. डायरेक्टर म्हणाले, मॅडम, काहीतरी वैज्ञानिक लिहा. मी लिहिलं: सुनेलाही तिचं माहेर विचारावं. मुलीचं रक्त तिचं लग्न जमण्याआधी घ्यावं. रिपोर्ट तिच्याच हातात द्यावा. त्यांनी ते खोडलं नाही, पण परिशिष्टात टाकलं.